पन्हळ गोठते, दोष मात्र पोटमाळ्याचा

अमेरिकेतील बोस्टन शहरात २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११० इंचांहून अधिक हिमवर्षाव झाला. रस्त्यांइतकाच त्रास तेव्हा छपरांनी दिला. पन्हळी गोठल्या, छपरांच्या कडेला बर्फाचे बांध तयार झाले आणि पाणी घरांत झिरपले. ‘वळचणीचे पाणी आढ्याला’ ही आपली म्हण तेथे जवळजवळ खरी ठरते.

पन्हळ साफ न केल्याने हे घडते, हा समज अर्धाच खरा आहे. घरातील ऊब फटींतून पोटमाळ्यावर चढते आणि छपरावरील हिम खालून वितळू लागते. हे पाणी उतारावरून कडेला येते. परंतु भिंतीबाहेर आलेल्या त्या भागाला खालून ऊब नसल्याने तेथे पुन्हा गोठते. या बांधामागे तुंबलेले पाणी शिंगल्सखाली शिरते. शिंगल्स वाहते पाणी अडवतात, साचलेले नव्हे. पन्हळच नसलेल्या घरालाही हा धोका असतो; पानांनी भरलेली पन्हळ तो वाढवते, इतकेच.

म्हणून पानगळ संपताच पन्हळी आणि त्यांचे उतरते नळ मोकळे करावेत. पण खरा खर्च पोटमाळ्यावर करावा. पाइप व वायरींभोवतीची भोके, तसेच वर जाण्याच्या झडपेच्या कडा आधी बुजवाव्यात, मग उष्णतारोधक थर वाढवावा. स्नानगृहाच्या पंख्याची दमट हवा पोटमाळ्यात न सोडता थेट घराबाहेर न्यावी. कडेखालून थंड हवा आत येण्यास आणि आढ्यापाशी बाहेर पडण्यास वाट हवी. छप्पर नव्याने घालताना शिंगल्सखाली जलरोधक पट्टा कडेपासून भिंतीच्या रेषेच्या आत किमान २४ इंचांपर्यंत न्यावा.

मोठ्या हिमवर्षावानंतर लांब दांड्याच्या ‘रूफ रेक’ने कडेचे हिम ओढून काढावे, तेही जमिनीवर उभे राहून आणि विजेच्या तारा पाहून. बांध फोडण्यासाठी कुऱ्हाड वा हातोडा वापरू नये, शिंगल्स फुटतात. साध्या मिठाने धातू गंजतो आणि खालची झाडे मरतात. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड भरलेला लांब पायमोजा बांधावर आडवा नव्हे, उताराच्या दिशेने ठेवावा. पाण्याला वाट मिळते. बांध मोठा असल्यास वाफेने बर्फ काढणाऱ्या कारागिरांना बोलवावे. विजेवर तापणाऱ्या केबलनेही वाट मोकळी राहते, मात्र वीजबिल वाढते आणि पोटमाळ्यातील गळती तशीच राहते.

छताला पाण्याचा फुगा आलाच, तर त्या भागाची वीज बंद करून खाली बादली ठेवावी आणि लहान छिद्र पाडून पाणी काढावे, अन्यथा छताचा मोठा तुकडा कोसळू शकतो.