आजीचा अंकुशी रुपया

बोईसरच्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला ताम्हनात एक जाडसर चांदीचं नाणं असायचं. आजी त्याला नुसतं 'लक्ष्मी' म्हणायची. त्यावर उर्दूसारखी अक्षरं आहेत, हे तिला कधी खटकलं नाही. दोन वर्षांपूर्वी मात्र काका म्हणाले, "हे त्यांचं नाणं. आपल्या पूजेत नको." सांगायला आजी नव्हती. नाणं कपाटात गेलं आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मनाला लागून राहिलं.

शेवटी एका सुटीत नाणं रुमालात बांधून जव्हार-मोखाड्यामार्गे अंजनेरीला गेलो. तिथे नाणकशास्त्राची खासगी संशोधन संस्था आहे, नाण्यांच्या संग्रहालयासकट. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी ती 1980 साली उभी केली. माहेश्वरी आणि केन विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळींवरचा ग्रंथ संस्थेनेच 1989 मध्ये काढला. त्यातली चित्रं आणि आमचं नाणं ताडून बघत बसलो, आणि अक्षरांच्या गर्दीत सापडला एक छोटा अंकुश. हत्तीचा, म्हणजे गणपतीच्या हातातलाच म्हणा ना!

तर आमची लक्ष्मी निघाली पेशवाईतला अंकुशी रुपया. लिपी फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं, टांकसाळ मराठ्यांची. बाजारात सराफ ओळखीच्या छापाचा रुपया बिनतक्रार घेत, मग छाप कशाला बदला? शाह आलमला 1772 मध्ये दिल्लीत परत आणलं ते महादजी शिंद्यांनी. त्याचंच नाव पुण्याच्या रुपयावर. इंग्रजांच्या कंपनीनेसुद्धा 1835 पर्यंत हाच मार्ग धरला होता.

परतताना आमच्या शेजारचं चिंचणी आठवलं. तारापूरला खेटून असलेल्या या गावात 1955 मध्ये ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा. राष्ट्रकूटांनी संजाणच्या कारभारावर नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती, मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याच्या परवानगीने दान मिळालं ते कुणाला? देवीच्या मठाला! हे सगळं आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

काकांशी वाद घातला नाही. भिंग आणि नाणं त्यांच्यापुढे ठेवलं, एवढंच.

यंदा दिवाळीच्या आदल्या रात्री काकू चिंच लावून ताम्हन घासत होती. काका आतून ओरडले, "अगं, ते अंकुशाचं कुठे ठेवलंयस?"