दोन डोळे, दोन ताटं

नाकासमोर वीतभर अंतरावर अंगठा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. मागच्या भिंतीसमोर अंगठा टुणकन उडी मारतो की नाही? मंडळी, व्हीआर हेडसेटची सगळी डोकेदुखी (शब्दशः सुद्धा!) या उडीत आहे. दर फ्रेमला दोन चित्रं काढायची, आणि ती दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसणारी. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. एकच काम दोनदा का करायचं? आणि एकच गोष्ट मेमरीत दोनदा का ठेवायची?

हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असं मला बरेच दिवस वाटायचं. ते एक नाहीत. उलट बऱ्याचदा एकमेकांच्या मुळावर उठतात.

सुरुवातीला दुसरा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. १९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायच्या डिस्प्लेवर आपला प्रसिद्ध पेपर लिहिला. त्यात प्रत्येक डोळ्यासाठी एक छोटी पिक्चर ट्यूब होती, आणि डोकं कुठे वळलं हे कळायला छतापासून लोंबणारा एक यांत्रिक हात. पण पिक्सेल नव्हते! चित्र म्हणजे रेषांची यादी, आणि इलेक्ट्रॉनचा झोत त्या रेषा थेट काचेवर ओढायचा. दोन डोळे म्हणजे गणित दुप्पट, पण चित्र साठवायची मेमरी शून्य.

मग फ्रेमबफर आला. झेरॉक्स पार्कमध्ये रिचर्ड शूप यांनी १९७३ च्या सुमारास उभ्या केलेल्या सुपरपेंटमध्ये ६४० × ४८० पिक्सेल, प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे तीन लाखांवर बाइट्स निव्वळ एका चित्रासाठी. त्या काळात ही चैन होती. अशी चैन दोन डोळ्यांसाठी करायची म्हणजे विचारूच नका.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र एका आपटलेल्या यंत्राची आहे. निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय, १९९५. गुन्पेई योकोई यांचं डिझाइन, लाल रंगाशिवाय दुसरा रंग नाही, आणि बाजारात इतका वाईट पडला की वर्षभरात गाशा गुंडाळावा लागला. पण आतलं डोकं बघा. प्रत्येक डोळ्याला ३८४ × २२४ पिक्सेल, पिक्सेलला फक्त २ बिट. एक बफर दाखवत असताना दुसऱ्यात चित्र काढायचं, म्हणून प्रत्येक डोळ्याला दोन, एकूण चार बफर, प्रत्येकी २४ केबी. आणि खरी गंमत पुढे आहे. पडद्यावरची वस्तू, समजा एखादा चेंडू, मेमरीत एकदाच ठेवायची. तिच्यासोबत एक छोटा आकडा, सरक किती. हार्डवेअर तीच वस्तू डाव्या चित्रात एका बाजूला तेवढी सरकवून काढायचं आणि उजव्या चित्रात उलट्या बाजूला. अंगठ्याची उडी एका आकड्यात बसवली की हो यांनी!

त्याच सुमारास मोठ्या वर्कस्टेशनवर ओपनजीएल (१९९२) होतं, आणि त्यात स्टीरिओची सोय होती. तिथेही रंगाचे चार बफर. पण डेप्थ बफर, म्हणजे कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे लक्षात ठेवणारा, एकच पुरायचा. डावा डोळा काढायचा, डेप्थ पुसायचा, मग उजवा डोळा. पंगतीत ताट एकच, पहिला उठला की धुऊन दुसऱ्याला वाढायचं. मेमरी वाचते, पण वाढप्याला सगळी फेरी पुन्हा मारावी लागते.

२०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि व्हाइव्ह आले तेव्हा ही फेरी परवडेनाशी झाली. सेकंदाला ९० फ्रेम, आणि एखादी चुकली तर माणसाला मळमळतं. म्हणून मल्टीव्ह्यू. सीपीयू एकदाच सांगतो, ‘ही खुर्ची काढ’, आणि जीपीयू दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं मॅट्रिक्स लावून ती दोन्ही चित्रांत काढतो. ओपनजीएल ईएसमध्ये हे एक्स्टेन्शन म्हणून आलं, २०१८ मध्ये व्हल्कन १.१ च्या गाभ्यातच गेलं. व्हर्च्युअल बॉयचीच आयडिया, फक्त त्रिमितीत. वाढपी एका फेरीत दोघांना वाढतो.

पण दोघांना एकदम वाढायचं तर ताटं दोन लागणार ना! इथेच गोम आहे. मल्टीव्ह्यूमध्ये रंगाचे तर दोन थर लागतातच, डेप्थचेही दोन लागतात, कारण मध्ये पुसायला उसंतच नाही. हिशोब करून बघू. २०१५ मध्ये व्हॉल्वच्या अ‍ॅलेक्स व्लाचोस यांनी डेव्हलपर लोकांपुढे मांडलेलं माप होतं एका डोळ्याला १५१२ × १६८०. स्क्रीनपेक्षा मोठं, कारण भिंगाची वक्रता सरळ करताना मधला भाग ताणला जातो. कडा करवतीसारख्या दिसू नयेत म्हणून पिक्सेलचे चार नमुने, नमुन्याला ४ बाइट रंग आणि ४ बाइट डेप्थ. एका डोळ्याचे सुमारे ८१ एमबी झाले. पाळीपाळीने काढलं तर तेवढ्याच जागेत दोन्ही डोळे भागतात, एकदम काढलं तर १६२. वेळ वाचवला, मेमरी वाढली. (आणि पिक्सेल रंगवायचं काम? ते दोन्ही पद्धतींत दुप्पटच. मल्टीव्ह्यूने सगळंच निम्मं होतं हा गैरसमज फार लोकांचा असतो.)

पीसीच्या ग्राफिक्स कार्डाला १६२ एमबी म्हणजे किरकोळ. पण फोनच्या चिपवर चालणाऱ्या हेडसेटमध्ये हा माल दर फ्रेमला रॅममध्ये नेणं-आणणं म्हणजे बॅटरी आणि कपाळावर चटका.

सुटका झाली ती मोबाइल जीपीयूंच्या जुन्या सवयीमुळे. ते चित्र छोट्या चौकटींत कापतात आणि एकेक चौकट चिपवरच्या इवल्याशा मेमरीत पूर्ण करतात. चार नमुने, डेप्थ, सगळं तिथेच जन्मतं आणि तिथेच मरतं. बाहेर रॅममध्ये जातो तो फक्त तयार रंग. म्हणजे ताट धुऊन वापरणं पुन्हा आलं, फक्त ताटाऐवजी वाटी. व्हल्कनमध्ये अशा बफरला ‘लागली तरच जागा दे’ असं सांगता येतं, आणि अ‍ॅपलच्या मेटलमध्ये २०१६ पासून ‘मेमरीच नको’ असंही. वरच्याच मापाने १६२ एमबीचे उरतात सुमारे २०.

अट एकच. मध्येच कुणी डेप्थ वाचायला मागायची नाही. धुकं, झगमगाट, मागचं पुसट करणं असल्या इफेक्टला आख्खं चित्र किंवा आख्खी डेप्थ परत वाचावी लागते, आणि मग चौकटींतलं सगळं मुकाट्याने रॅममध्ये उतरवावं लागतं. २०१९ च्या क्वेस्टवरचे बरेचसे गेम इतके साधे, स्वच्छ रंगांचे का दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे.