जखम मोठी होते तेव्हा

गेल्या वर्षी सांगलीहून आईचा फोन आला. बाबांना मधुमेह; पायाची जखम चिघळली होती आणि डॉक्टर एक दिवसाआड त्यातलं मेलेलं मांस कापून काढत होते. "जखम मोठीच होत चाललीय रे," आई रडवेली झाली होती. बाल्टिमोरात बसून मीही तणतणलो, "आधीच जखम, त्यात आणखी कापायचं कशाला?" मग वाचायला लागलो. उत्तर सापडलं ते आमच्याच गावात!

1917 साली, पहिल्या महायुद्धात, डॉ. विल्यम बेअर फ्रान्समध्ये होते. त्यांच्याकडे दोन सैनिक आणले गेले. मांडीची हाडं मोडलेली, पोटावर मोठ्या जखमा, सात दिवस अन्नपाण्याविना रणांगणावर पडलेले. अशा जखमांनी तेव्हा बहुतेक जण दगावत. पण या दोघांना ताप नव्हता! कपडे काढले तर जखमांत हजारो अळ्या. त्या धुऊन काढल्या, तर खाली निरोगी, गुलाबी मांस!

पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बेअरनी हाडं सडण्याच्या जुनाट रोगावर मुद्दाम अळ्या वापरल्या. बहुतेक जखमा भरून आल्या. पण काहींना धनुर्वात झाला. तेव्हा त्यांनी अळ्या जंतुविरहित करायची पद्धत बसवली. 1931 मध्ये ते वारले. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या 300 हून अधिक इस्पितळांत हा उपचार चाले. 1940 च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि अळ्या मागे पडल्या. औषधांना न जुमानणारे जंतू वाढले तसे त्या परतल्या. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना परवानगी दिली.

अळ्या करतात तेच डॉक्टरांची सुरी करते. मेलेल्या मांसात रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. जंतूंची मात्र चंगळ होते. ते काढल्याशिवाय नवं मांस येत नाही. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांत छेदन आणि लेखन, म्हणजे कापणं आणि खरवडणं, आहेच की! आम्ही संगणकवाले तरी दुसरं काय करतो? निकामी कोड आधी काढतो, मगच नवा लिहितो.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे मोठी झाली म्हणून घाबरायचं नाही तर!" त्यांच्या पायाचं एक बोट गेलं, पण पाय वाचला. यंदा दिवाळीला आकाशकंदील त्यांनी स्वतःच्या हाताने लावलाय, स्टुलावर चढून. त्यावरून मात्र आई अजून ओरडतेय.