बदलीवाला
मुंबईच्या गिरणगावात पहाटेच्या भोंग्याबरोबर खात्याच्या दाराशी हजर होऊन, कोणी कायम कामगार गैरहजर राहील आणि त्याचा साचा, म्हणजे माग, आपल्या हाती येईल, या आशेवर तिष्ठणाऱ्या बदलीवाल्याला कामकरी म्हणावे की बेकार, हा प्रश्न सरकारदरबारीही सहजासहजी सुटणारा नव्हता. कामगार भरणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची मर्जी, आणि त्या मर्जीसाठी मोजावी लागणारी दस्तुरी, हाच त्याच्या रोजीचा आधार. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणून निवडक उमेदवारांना कार्डे दिली. लाचलुचपतीला त्यामुळे काहीसा पायबंद बसला असेलही, पण कार्ड म्हणजे काम नव्हे. हजेरी द्यावी लागे, ती मात्र रोजची. आणि ज्या दिवशी (क्रौर्य खरे ते इथेच) साचा मिळत नसे, त्या दिवसाचे जेवणही खानावळवालीच्या हिशेबात चढतच असे.