पुडी, बरणी आणि पारदर्शक पिशवी : होटगीच्या वाटेवरून

सोलापूरहून विजापूर-गदगकडे जाणारी गाडी होटगीला मुख्य मार्ग सोडते आणि दक्षिणेकडे वळते. गाव लहान, पण जंक्शन जुने. इथे मराठी संपत नाही आणि कन्नड सुरूही होत नाही. दोन्ही भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. सोलापूर शहरात त्यांना तेलुगूही येऊन मिळते. या पट्ट्यातल्या स्टेशनाजवळच्या किंवा एसटी स्टँडवरच्या कोणत्याही दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. दोरीला टांगलेल्या शेंगाचटणीच्या पिशव्यांतली एक गिऱ्हाईक काढते, उजेडाकडे धरते, तिरकी करते, तेल सुटले आहे का ते पाहते आणि परत ठेवून दुसरी उचलते. शेजारी कडक भाकरीची चवड असते. तिच्या पिशवीवरून बोट फिरवून भाकरी तुटलेल्या नाहीत ना, याची खात्री केली जाते. या सगळ्यात पिशवीवरचे अक्षर कोणी वाचलेले नसते.

या साध्या कृतीमागे बराच इतिहास आहे. वस्तू बांधलेली असूनही दिसावी आणि बांधणीचा खर्च वस्तूच्या किमतीत नगण्य राहावा, या दोन अटी एकत्र पाळणे विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ अशक्य होते. त्या पाळता येऊ लागल्यावर आपल्याकडच्या किरकोळ बाजारात काय बदलले, हा या लेखाचा विषय आहे.

पोते, परखी आणि पुडी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाली. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूर, विजापूर, कलादगी हा सारा मुलूख होरपळून काढला. धान्य वेळेवर पोहोचवण्यासाठी रेल्वे हवी, असा निष्कर्ष सरकारने काढला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने होटगी-गदग हा मार्ग त्याच हेतूने बांधला आणि १८८४ मध्ये तो खुला झाला. म्हणजे होटगी जंक्शनचा जन्मच धान्याच्या वाहतुकीसाठी झाला.

मुख्य मार्ग रुंद आणि हा नवा मार्ग मीटर गेजचा. रुळांची रुंदी बदलते तिथे माल एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात चढवावा लागतो. त्या काळचे वेष्टन म्हणजे तागाचे पोते, आणि ते हमालाच्या पाठीसाठी घडलेले होते. ते ओढता यावे, थप्पी लावता यावी, फाटले तर सुईदोऱ्याने शिवता यावे, एवढीच अपेक्षा. आतला माल दिसावा हा विचार त्यात नव्हता. माल पाहायचा तर व्यापारी टोकदार, पन्हळीसारखी लोखंडी परखी पोत्यात खुपसून मूठभर दाणे बाहेर काढत. सोलापूर-मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा भाव तिच्या टपोरेपणावर आणि मोत्यासारख्या चमकेवर ठरतो. ती चमक तळहातावर घेऊन, उन्हात धरूनच कळते.

किरकोळ दुकानात हेच पोते तोंड उघडे करून ठेवलेले असे. गिऱ्हाईक त्यात हात घाली, दाणे चोळी, एखादा दाताखाली धरून पाही. मग दुकानदार तराजूत माल तोली, रद्दीच्या कागदाची पुडी बांधी आणि वरून लोंबणाऱ्या रिळाचा दोरा तिच्याभोवती फिरवी. पुडीच्या आतले काही दिसत नसे, पण त्याने बिघडत नव्हते. माल पुडीत जाताना गिऱ्हाइकाने स्वतः पाहिलेला असे. आधी पाहणे आणि मग बांधणे, हा क्रम होता.

पुढचा सारा इतिहास हा क्रम उलटण्याचा आहे. माल आधीच कुठेतरी बांधला जाऊ लागला आणि गिऱ्हाइकाच्या वाट्याला नंतरचे पाहणे आले. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली ‘पिगली विगली’ या दुकानाने गिऱ्हाइकाला स्वतःच फळीवरून वस्तू उचलायला सांगितले. आपल्याकडे ती पद्धत रुळायला फार वर्षे लागली. पण एकदा माल आधीच बांधून येऊ लागला, की वेष्टनापुढे दोनच पर्याय उरतात. आतल्या मालाबद्दल विश्वास बसेल असे काही छापा, किंवा आतला माल दाखवा.

बरणीचा काळ

दाखवण्याचे पहिले साधन काच होते. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. घरटी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि तिला टिळकांचा पाठिंबा होता. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. तिथल्या वस्तीचे नावच ओगलेवाडी झाले. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील सर्वांना माहीत आहे. पण कंदिलाच्या काचेइतकीच बाटली आणि बरणीही महत्त्वाची होती. किराणा दुकानात गोळ्या, बिस्किटे, खारीक, खडीसाखर काचेच्या बरण्यांत गेली, आणि धूळ-माश्यांपासून झाकलेली वस्तू प्रथमच नजरेसमोर राहिली.

तरी बरणी दुकानदाराची होती, ती गिऱ्हाइकाबरोबर घरी जात नसे. काच जड, फुटणारी आणि महाग. बरणीतली गोळीही शेवटी कागदातच बांधून मिळे. दिसणे दुकानात राहिले, बांधणे गिऱ्हाइकाच्या हाती आले. ही दोन कामे एकाच वस्तूने करावीत, तर काचेसारखा दिसणारा आणि कागदासारखा दुमडणारा पदार्थ हवा होता.

जिलेटिनचा कागद

असा पदार्थ स्विस रसायनज्ञ जाक ब्रँडेनबर्गर याने फ्रान्समध्ये केला. टेबलावरच्या कापडावर दारू सांडली तरी डाग पडू नये, म्हणून तो कापडाला लेप देत होता. लेप ताठर झाला आणि पापुद्र्यासारखा सुटून आला. कापड बाजूला राहिले, पापुद्रा महत्त्वाचा ठरला. १९०८ च्या सुमारास त्याने लाकडाच्या लगद्यापासून ही पातळ पारदर्शक फिल्म तयार केली आणि १९१२ पर्यंत ती यंत्रावर निघू लागली. तिचे नाव सेलोफेन. भारतात केरळातल्या पेरुंबावूरजवळच्या त्रावणकोर रेयॉन्सने ती बनवली. मराठी माणसाने मात्र तिला ‘जिलेटिन पेपर’ म्हटले. त्यात जिलेटिनचा अंशही नाही, पण नाव टिकले. लाल, हिरव्या, पिवळ्या जिलेटिनच्या कागदाने आकाशकंदील चिकटवणाऱ्या पिढीला ते वेगळे सांगायला नको.

सेलोफेनमध्ये एक खोट होती. पाणी त्यातून गळत नसे, पण हवेतला दमटपणा आरपार जाई. बिस्किटे सादळत, मिठाई चिकट होई. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या विल्यम हेल चार्च याने सहकाऱ्यांसह त्यावर मेण मिसळलेल्या लाखेचा अतिशय पातळ लेप शोधला आणि सेलोफेन खऱ्या अर्थाने खाद्यपदार्थांच्या दुकानात शिरले. ‘सादळणे’ या मराठी क्रियापदात जेवढा अर्थ आहे, तेवढ्यासाठी असंख्य प्रयोग करावे लागले.

पुढचे दोन शोध अधिक स्वस्त निघाले. १९३३ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने पॉलिथीन हाती लागले. १९५४ मध्ये इटलीच्या जूलिओ नात्ता याने पॉलिप्रॉपिलीन घडवले; १९६३ चे नोबेल त्याला कार्ल झिग्लरबरोबर मिळाले. आज सोलापूरच्या बाजारात ‘एलडी’ आणि ‘पीपी’ या नावांनी ज्या पिशव्या किलोवर विकत मिळतात, त्या याच दोघांच्या वंशातल्या. एलडी मऊ, थोडी दुधी. पीपी लखलखीत, हातात घेतली की कुरकुरणारी आणि दमटपणाला चांगली अडवणारी. कडक भाकरीला पीपी का लागते, हे बचत गटातल्या बाईला रसायनशास्त्राशिवाय ठाऊक असते.

गरिबाचे वेष्टन

पारदर्शक पिशवी छोट्या उत्पादकाच्याच हातात का दिसते, याचे उत्तर छपाईच्या हिशेबात आहे. फिल्मवर रंगीत चित्र छापायचे तर प्रत्येक रंगासाठी कोरीव सिलिंडर करावा लागतो, आणि तो खर्च भरून निघावा एवढी मोठी ऑर्डर द्यावी लागते. आठवड्याला वीस-पंचवीस किलो चटणी कांडणाऱ्या घराला ते परवडत नाही. तिथे कोरी पिशवी, एक छोटे लेबल आणि तोंड बंद करायला हातसीलर, एवढ्यावर काम भागते. काही जण पिशवीच्या तोंडावर दुमडलेला छापील पुठ्ठा स्टेपल करतात आणि त्याला भोक पाडून पिशवी टांगतात. छापायला पैसा नसतो, म्हणून माल स्वतःच आपली जाहिरात करतो.

होटगीच्या पट्ट्यात याला भाषेचेही कारण आहे. लेबल मराठीत असेल तर इंडी-विजापूरकडचे गिऱ्हाईक अडते, कन्नडमध्ये असेल तर बार्शीचे. लालसर, भरड शेंगाचटणी कोणत्याही लिपीशिवाय वाचता येते. तीन भाषांच्या बाजारात पारदर्शकपणा ही चौथी आणि सर्वांना येणारी भाषा ठरली.

सोलापुरी चादरीचे असेच झाले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंत ती आहे. तिची खरी ओळख जकार्डवर विणलेल्या नक्षीत आणि रंगांत. दुकानदार पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकापुढे चादर उलगडून दाखवी आणि पुन्हा घडी घाली. पारदर्शक पिशवीमुळे घडीच अशी घालावी लागली की किनार आणि मधली नक्षी दोन्ही समोर येतील. वेष्टनाने घडीची रीत बदलली.

पण प्लॅस्टिक येण्याच्या कितीतरी आधी या शहराला वस्तू दिसत राहील असे सर्वांत स्वस्त वेष्टन माहीत होते. ते म्हणजे बिडीचे बंडल. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या बिड्यांभोवती पातळ छापील कागद गुंडाळतात आणि टोके उघडी सोडतात. नाव कागदावर राहते आणि बिडीची जाडी, वळण, पानाचा रंग टोकाशी दिसतो. या वळणावरच कारखान्यात माल पारखला जातो आणि नापसंत बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. छाटेचा भुर्दंड घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईवर येतो. सोलापुरातल्या या हजारो स्त्रियांत तेलुगू भाषक पद्मशाली घरांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा झाला आणि शहराबाहेर कुंभारीला घरकुले उभी राहिली. बंडलाच्या उघड्या टोकाशी जे दिसते ते त्यांच्याच बोटांचे काम, आणि गिऱ्हाईक ते वळण निरखते तेव्हा नकळत त्या बोटांची परीक्षा घेत असते. २००९ पासून याच कागदावर चित्रमय धोक्याची सूचना सक्तीची झाली. वस्तू दाखवणारे वेष्टन वस्तूचा धोकाही सांगू लागले.

जे दिसत नाही

‘दिसते ते खरे’ या विश्वासाला इथेच मर्यादा येते. लालसर छटेच्या पिशवीत मिरची अधिक लाल दिसते. हवा भरून फुगवलेली पिशवी अधिक माल असल्याचा भास देते. हे झाले डोळ्याला फसवणे. डोळ्याला मुळीच न कळणारे धोके त्याहून गंभीर आहेत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतल्या बुरशीचे विष सापडले. त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ओलसर साठवलेल्या शेंगदाण्यात ते होऊ शकते. रंग, वास, चव यांवरून ते ओळखता येईलच असे नाही.

शिवाय उजेड हा चटणीचा शत्रूच आहे. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते; उजेड आणि प्राणवायू मिळाला की ते लवकर खवट होते. दाराशी उन्हात टांगलेली पिशवी सर्वांत चांगली दिसते आणि सर्वांत आधी बिघडते. म्हणूनच काही उत्पादक आता सगळी पिशवी अपारदर्शक ठेवून मधोमध छोटी खिडकी देतात. दाखवायचे तेवढे दाखवावे आणि उरलेल्याला अंधारात टिकू द्यावे, अशी ही तडजोड आहे.

जे दिसत नाही ते सांगण्याचे काम कायद्याने लेबलावर टाकले. १९७७ च्या आवेष्टित वस्तू नियमांनी बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, बांधणीचा महिना आणि किंमत छापणे आवश्यक केले; २०११ च्या नियमांनी तीच परंपरा पुढे नेली. रद्दीच्या पुडीलाही कायद्याने गाठले. छपाईच्या शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून २०१८ च्या अन्न-वेष्टन विनियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. किराणा व्यापाऱ्यांची अडचण पुढे आल्यावर काही महिन्यांत जाड, पुनर्वापराच्या पिशव्यांना अटींसह सवलत मिळाली. कागद एका बाजूने बाद आणि प्लॅस्टिक दुसऱ्या बाजूने. छोटा दुकानदार मध्ये सापडला.

हा पेच अजून सुटलेला नाही. पिशवी चटणीला महिना-दोन महिने सांभाळते आणि रुळांकडेला, तळ्याकाठी वर्षानुवर्षे पडून राहते. ज्या सेलोफेनला स्वस्त प्लॅस्टिकने हटवले, ते लाकडाच्या लगद्याचे होते आणि लेप नसेल तर मातीत कुजणारे होते. आज तशाच वनस्पतिजन्य फिल्म पुन्हा शोधल्या जात आहेत. अडचण किमतीची आणि सादळण्याची. म्हणजे प्रश्न पुन्हा १९२७ पाशीच आला आहे, फक्त या वेळी उत्तराला मातीत मिसळून जाण्याचीही अट आहे.

तोवर सावधपणे एवढे करता येईल. पिशवी उजेडाकडे धरून पाहण्याची आपली जुनी सवय सोडू नये. ती परखीची आणि तळहातावरच्या ज्वारीची सवय आहे. पण पाहून झाल्यावर पिशवी उलटी करावी आणि मागचे लेबल वाचावे. बांधणाऱ्याचे नाव, गाव आणि महिना तिथे असतो. चटणी कोणी कांडली आणि ती कधी बांधली, हे पिशवीच्या आत पाहून कळत नाही.