दगडावरची अक्षरे : भीमाकाठच्या इतिहासाची साधने

बखरींतून राजेरजवाड्यांच्या लढाया वाचावयास मिळतात. परंतु खेड्यातील देऊळ कोणी बांधले, नंदादीपाच्या तेलाची तजवीज कोणी केली, गाईगुरे सोडविताना वेशीवर कोण पडला, हे बखरकारांनी क्वचितच लिहिले आहे. ते सांगतात शिलालेख आणि वीरगळ. गावाचे खरे दप्तर हेच होय.

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे प्राचीन क्षेत्र आहे. तेथील संगमेश्वराच्या देवळात तुळईवर काही अक्षरे कोरलेली होती. भाविक त्याखालून जात, दर्शन घेत, परत फिरत. सोलापूरचे संशोधक कै. आनंद कुंभार यांनी हा लेख प्रकाशात आणला. त्यावर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ हा काळ आहे. मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. जो हे वाचील तो विजयी होईल, असा आशीर्वाद लेखाच्या अखेरीस आहे. सुमारे हजार वर्षे तो आशीर्वाद वाचणाऱ्याची वाट पाहत होता!

त्याच क्षेत्रातील हरिहरेश्वराचे देऊळ मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले होते. १९९० नंतरच्या दशकात माती उपसली गेली, तेव्हा साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले अपूर्व शिवलिंग प्रकट झाले.

दुसरे उदाहरण पंढरपूरचे. श्रीविठ्ठलमंदिरातील ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला आहे. या दगडाला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा असल्याने भाविकांच्या स्पर्शाने तो झिजत गेला. त्यावर आहे तरी काय? देवळासाठी द्रव्य देणाऱ्यांची यादी! देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव याच्याबरोबरच साध्या भाविकांची नावे व त्यांनी दिलेल्या रकमा तेथे नोंदल्या आहेत. राजाचे दान आणि रयतेचे दान एकाच शिळेवर आले. पंढरीच्या अशा लेखांचा अभ्यास ग. ह. खरे यांनी ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ या ग्रंथात मांडला आहे.

यातून जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने बोध घ्यावा. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी उत्साहाच्या भरात जुन्या लेखांवर तैलरंगाचे थर चढतात, वीरगळ पायरीला बसविले जातात, कोरीव दगड भरावात जातात. पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. पुसलेले अक्षर परत येत नाही. म्हणून दगड हलविण्यापूर्वी तो कोठे व कसा होता याची नोंद ठेवावी, छायाचित्र घ्यावे, अक्षरे खरवडू नयेत आणि जाणकाराकडून लेखाचा ठसा घेववावा. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन साधारणपणे मिळतो. एवढे तर शाळेतील मुलांनाही करता येईल.

आज देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात, ती पुढील पिढ्यांनी वाचावीत म्हणूनच. जुन्या, काळवंडलेल्या दगडावरची नावेही अशाच दात्यांची आहेत. त्यांचे जतन करणे हीसुद्धा श्रींची सेवाच होय.