सूर एकाकडे, काठी दुसऱ्याकडे

अर्जुनी मोरगाव तालुक्यात पाहुणा आला की त्याला नवेगावबांधचा तलाव दाखवतात, इटियाडोहाचं धरण दाखवतात, प्रतापगड दाखवतात आणि गोठणगावच्या बाजूला आलोच आहोत तर 'तिबेट कॅम्प'ही दाखवतात. कॅम्पचं खरं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली वसलेली ही महाराष्ट्रातली एकमेव तिबेटी निर्वासित वसाहत. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या तोंडी आणि कागदोपत्री ही वसाहत अजून 'भंडारा'च आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तिबेटी माणूस ठाऊक असतो तो हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटर विकणारा. त्याच्या गोम्पात, म्हणजे मठात, चालतं काय, हे बघायला फार कोणी थांबत नाही.

थांबलंच, तर पहिली गोष्ट कानाला कळते. भिक्षू समोरासमोर ओळीत बसलेले असतात. त्यांतला एक जण जमिनीतून आल्यासारख्या खर्जात एक-दोन शब्द एकटाच म्हणतो आणि मग बाकीचे त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतात. पुढचा पाठ कुठला, किती लयीत, कुठे थांबायचं, झांजा कधी वाजवायच्या, हे सगळं त्या एका माणसाच्या हातात असतं. त्याला उम्झे म्हणतात. तो मठाधिपती नव्हे, गुरूही नव्हे. तो पदाधिकारी आहे, विधीचा कारभार बघणारा. या पदाची कुळी शोधत मागे गेलं तर वाट ल्हासाहून नालंदेला आणि तिथून थेट बुद्धाच्या संघापर्यंत जाते. वाटेत आपलं कार्लेही लागतं.

बुद्धाच्या संघात सुरुवातीला पदं नव्हतीच. माणसं वाढली तसा घोळ वाढला. कोणी कुठे झोपायचं, कोणाला कुठल्या घरी भोजनाला पाठवायचं, चिवरं कोणी वाटायची, पेज कोणी वाढायची. मग एकेका कामाला एकेक भिक्षू नेमायची पद्धत पडली. विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, या नेमणुकीची रीत दिली आहे. नाव संघापुढे मांडायचं, हरकत असेल त्याने बोलायचं, सगळे गप्प राहिले तर नेमणूक पक्की. पात्रतेच्या अटीही ठरलेल्या. आवड, राग, मूर्खपणा आणि भीती या चारांपायी जो वाकडी वाट धरत नाही आणि काय झालं, काय राहिलं हे ज्याला कळतं, तो लायक. आजच्या कुठल्याही सहकारी संस्थेच्या निवडणुकीत ही अट घालून बघावी.

या पदाधिकाऱ्यांतला सगळ्यांत लोभस म्हणजे दब्ब मल्लपुत्त. निवासाची सोय आणि भोजनाचं वाटप ही दोन्ही कामं त्याच्याकडे होती. सूत्र पाठ करणाऱ्यांना तो सूत्रवाल्यांच्या शेजारी जागा द्यायचा, विनयवाल्यांना विनयवाल्यांजवळ, ध्यान करणाऱ्यांना शांत कोपऱ्यात. म्हणजे एकाचा दुसऱ्याला त्रास नको. रात्री उशिरा कोणी आला तर दब्ब आपलं बोट पेटवून त्या उजेडात त्याला खोलीपर्यंत पोचवत असे, अशी कथा आहे. तो चमत्कार बघायला म्हणून काही भिक्षू मुद्दाम उशिरा येऊ लागले. पुढे त्याच्यावर खोटा आळ घेतला गेला, कारण काही जणांच्या वाट्याला सतत साधं जेवण येत होतं आणि त्यांना वाटलं दब्बच ते मुद्दाम करतोय. वाटपाचं काम हाती घेतलेल्या माणसाच्या नशिबी जे येतं ते त्याच्याही आलं.

गळ्याचं पद मात्र या यादीत नाही. त्यालाही कारण आहे. काही भिक्षू धर्मवचनं लांबलचक ताना घेऊन गाऊ लागले तेव्हा लोक कुरकुरले, की हे तर आपल्यासारखंच गातात. बुद्धाने मनाई केली आणि गाण्यातले पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारे भाळतात, गृहस्थ नावं ठेवतात, स्वर साधण्याच्या नादात चित्ताची एकाग्रता मोडते आणि मागून येणारे तेच उचलतात. पाचवा दोष मला सगळ्यांत मार्मिक वाटतो. पण मनाईने भिक्षू इतके बिचकले की साधं स्वरात म्हणायलाही कचरू लागले; तेव्हा स्वरयुक्त पठणाला, सरभञ्ञाला, परवानगी मिळाली.

स्वतः बुद्धालाही चांगला गळा आवडत असावा. अवंतीहून सोण कुटिकण्ण नावाचा तरुण भिक्षू त्याला भेटायला जेतवनात आला. पहाटे बुद्ध त्याला म्हणाला, काही म्हणून दाखव. सोणाने अट्ठकवग्गाची सोळाच्या सोळा सूत्रं स्वरात म्हटली आणि बुद्धाने त्याच्या आवाजाची आणि स्पष्ट उच्चारांची वाखाणणी केली. सोण आणखी एका कामासाठी आला होता. अवंतीसारख्या सीमेवरच्या मुलखात दीक्षेला लागणारे दहा भिक्षू जमवता जमवता वर्षं जात होती. त्याच्या गुरूचा निरोप ऐकून बुद्धाने अशा ठिकाणी पाच जणांवर भागवायची मुभा दिली. सीमेवरच्या छोट्या संघाला नियमातून वाट काढून देण्याची ही गोष्ट आहे, आणि ती आणणारा माणूस गळ्याचा होता.

पुढे पाठ करणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला, भाणकांचा. ग्रंथ लिहिलेले नव्हते, तेव्हा भाणक हेच ग्रंथालय. त्यांतला एक जण आपल्या ओळखीचा असायला हवा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर लेख आहे. सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातल्या सातिमित नावाच्या भाणकाने तो खांब अवशेषांसह दान दिल्याची नोंद त्यात आहे. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रात पठण करणाऱ्या भिक्षूला स्वतःची अशी ओळख होती, आणि ती दगडावर कोरण्याइतकी मानाची होती. लेणी बघायला जाणारे आपण खांबांवरचे हत्ती बघतो आणि खाली उतरतो.

पठणाचं पद कसं जन्मलं याचा सर्वांत सरळ पुरावा मात्र एका चिनी प्रवाशाने ठेवला आहे. इत्सिंग सातव्या शतकात नालंदेत सुमारे दहा वर्षं राहिला. तो लिहितो, की इथे तीन हजारांहून जास्त भिक्षू आहेत, आठ सभागृहं आणि तीनशे खोल्या आहेत, त्यामुळे सगळ्यांना एका ठिकाणी जमवून प्रार्थना करणं अवघड आहे. म्हणून रोज एक पठणकार नेमलेला असतो. त्याच्या पुढे सेवक आणि मुलं धूप-फुलं घेऊन चालतात. तो एका सभागृहातून दुसऱ्यात जात प्रत्येक ठिकाणी तीन किंवा पाच श्लोक मोठ्या आवाजात म्हणतो, आणि संधिप्रकाशात त्याची फेरी संपते. या कामाबद्दल त्याला विहाराकडून काही वेगळं मिळतं. यात गूढ असं काही नाही. माणसं फार झाली, जागा पुरेना, म्हणून प्रार्थनाच फिरती केली. जगातली बरीच धार्मिक पदं अशाच गैरसोयीतून निघाली असणार असं मला वाटतं. त्यांच्याभोवतीचं तेजोवलय नंतरचं.

इत्सिंगने नालंदेतला दुसराही एक अधिकारी टिपला आहे, कर्मदान. विहाराचा दैनंदिन कारभार, वेळ, शिस्त त्याच्याकडे. हेच पद चीनमध्ये 'वेइना' आणि जपानच्या झेन मठांत 'इनो' झालं. तिकडच्या प्रवासात सूर आणि शिस्त पुष्कळदा एकाच माणसाकडे आली. जपानी इनो पठणही सुरू करतो आणि भिक्षूंच्या वागण्यावरही नजर ठेवतो. तिबेटने तसं केलं नाही.

आठव्या शतकात राजा त्रिसोंग देत्सेनने नालंदेच्या शांतरक्षिताला बोलावून साम्ये इथे तिबेटातला पहिला विहार उभारला. त्याच्याबरोबर मूलसर्वास्तिवादी पंथाचा विनय गेला. इत्सिंगने चिनीत आणला तोही हाच. या विनयात शास्त्याच्या, म्हणजे बुद्धाच्या, गुणांची स्तुती आणि त्रिभागी पाठ या दोन गोष्टी सुरात म्हणायला मोकळीक होती. तिबेटी मठांनी ती दारं सताड उघडली. १४०९ मध्ये गादेन, १४१६ मध्ये द्रेपुंग, १४१९ मध्ये सेरा असे मोठे मठ ल्हासाभोवती उभे राहिले. द्रेपुंगची भिक्षूंची परंपरागत संख्या ७७००. नालंदेचा प्रश्न इथे दुपटीने आला.

हे मठ म्हणजे खरं तर विद्यापीठं. आत वेगवेगळी महाविद्यालयं, द्रात्सांग, आणि प्रत्येक द्रात्सांगात खांगत्सेन, म्हणजे गाववार-प्रांतवार घरं. खामचा मुलगा खामवाल्यांच्या घरात, अम्दोचा अम्दोवाल्यांच्या. नव्याला तिथेच जागा, तिथेच थोरल्यांची देखरेख, तिथेच सणाचं जेवण. नागपूर-पुण्याच्या वसतिगृहात आपल्या जिल्ह्याची पोरं एका मजल्यावर गोळा होतात तसंच. घराचा आपला पदाधिकारी, महाविद्यालयाचा आपला, सबंध मठाचा आपला, अशी उतरंड असते. द्रात्सांगाचा उम्झे वेगळा, महासभेचा वेगळा.

त्याचं काम ऐकायला सोपं वाटतं. वर्षभराच्या पूजांचे पाठ तोंडपाठ हवेत, त्यांचा क्रम हवा, कुठला पाठ कुठल्या दिवशी गाळायचा हे हवं. पट्टी त्याने धरायची. ती चढली तर शेवटच्या तासाला पोरांचे गळे बसतात. झांजांचे दोन प्रकार. मोठ्या फुगीर वाटीच्या रोलमो उग्र देवतांसाठी, सपाट सिलञेन शांत देवतांसाठी. ठोक्यांची गणती तो मनात ठेवतो. आलापांसाठी नागमोडी रेघांची एक लिपी आहे, यांगयिग; पण ती आधीच येणाऱ्यालाच कळते, शिकायची ती तोंडून तोंडीच. शिवाय चहाचं भान लागतं. लांब पूजेत लोणी-चहा ओळीत बसल्या जागी येतो, तो देवाला अर्पण केल्याचा श्लोक झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, आणि तो श्लोक कधी उचलायचा हे उम्झे ठरवतो. शेवटच्या ओळीपर्यंत किटली पोचली का, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत पाठ चालू ठेवणं हे या पदाचं खरं कसब.

उशिरा येणाऱ्याला, डुलक्या काढणाऱ्याला, कुजबुजणाऱ्याला उम्झे काही बोलत नाही. ते काम गेकोचं. त्याच्या हातात काठी असते, खांदे भरून रुंद केलेला झगा असतो आणि तो ओळींमधून सावकाश फिरतो. दानशूर कोण, कोणाच्या नावाने आजचा चहा, कोण वारलं, हे सभेत तोच वाचून दाखवतो. मांडणी, दिवे, सातूच्या पिठाच्या तोरमा हे तिसऱ्याकडे, छोपोनकडे. काठीचा दरारा किती असावा याचं टोक ल्हासाच्या मोन्लाम या प्रार्थनोत्सवात दिसे. गादेनच्याच वर्षी, १४०९ मध्ये, गादेनच्याच संस्थापकाने, त्सोंगखापाने, सुरू केलेल्या या उत्सवाच्या काळात पुढे सबंध शहराचा बंदोबस्त द्रेपुंगच्या शिस्त-अधिकाऱ्यांकडे जाऊ लागला. लोखंड मढवलेल्या काठ्या आपटत ते रस्त्यातून निघाले की लोक घरं-अंगण झाडून मोकळे होत, नाहीतर दंड बसे. त्या दिवसांतही सूर मात्र त्यांचा नसे.

ही विभागणी मराठी माणसाला परकी वाटू नये. दिंडीत वीणा ज्याच्या गळ्यात, अभंगाचा क्रम त्याच्याकडे. पण ज्ञानेश्वरांच्या पालखीतळावर समाजआरतीच्या वेळी शांतता होते ती चोपदाराचा चोप वर गेल्यावर. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते, चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेईपर्यंत. तिबेटी मठाचा आणि वारीचा काही संबंध लावायचं कारण नाही. मोठा जमाव एका सुरात ठेवायचा असेल तर ज्याच्याकडे सूर आहे त्याने रागवायचं नाही, एवढं दोन्हीकडे स्वतंत्रपणे उमगलेलं दिसतं. रागावलेल्याची पट्टी हमखास चढते.

१९५९ मध्ये तिबेट सोडावं लागल्यानंतर हे सगळं भारतात आलं. द्रेपुंग आणि गादेन कर्नाटकात मुंडगोडला, म्हणजे आपल्या हुबळीच्या अलीकडे-पलीकडेच, सेरा बैलकुप्प्याला. ग्युमे आणि ग्युतो ही पंधराव्या शतकातली दोन तंत्र-महाविद्यालयंही आली. त्यांच्या उम्झेंचा खर्ज असा की एकाच गळ्यातून खालचा स्वर आणि वर त्याचाच एक स्वरांश असे दोन्ही ऐकू येतात. अमेरिकी अभ्यासक हस्टन स्मिथ यांनी १९६७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात त्याचं विश्लेषण छापलं, तेव्हा बाहेरच्या जगाला तो विश्वसनीय वाटला.

याच दोन महाविद्यालयांत सूर आणि काठी एका माणसाकडे येतात, पण एकदम नव्हे. सर्वोच्च गेशे पदवी घेतलेला भिक्षू तिथे आधी थोड्या काळासाठी गेको होतो. होऊन गेलेल्या गेकोंमधून पुढे लामा उम्झे निवडला जातो, तो तीन वर्षं. त्यानंतर तीन वर्षं मठाधिपती. आणि तिथून, आयुष्य पुरलं तर, गादेनच्या गादीपर्यंत. त्सोंगखापाच्या या गादीवर अवतार म्हणून कोणी बसत नाही, याच शिडीने चढून येतो, आणि मुदत सात वर्षांची असते.

लहान वसाहतीतल्या गोम्पात ही शिडी नसते. पाच-दहा भिक्षूंच्या सभेला काठीवाला लागत नाही. उम्झेच दिवे लावतो, तोरमा मांडतो, झांजा पुसून ठेवतो, गावातल्या म्हाताऱ्या किती आल्यात ते बघतो आणि त्यांच्या सोयीने पाठ थोडा लांबवतो किंवा आवरता घेतो.